बांधलेला सलंग

दामिनी मुंगमोडेचं घर तलावाच्या पाळीखाली आहे. चिचटोला हे दिघोरीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, बसलेलं छोटं गाव. गावाच्या एका अंगाला मालगुजारीच्या काळातला तलाव आणि त्याची मातीची लांबलचक पाळ. भर पावसाळ्यात तलावातलं पाणी मुंगमोडेंच्या दाराच्या चौकटीपेक्षा वर असतं. घरातल्या कुणाला त्याचं काही वाटत नाही. दामिनीला वाटायचं. लहानपणी ती मागच्या भिंतीकडे पाठ करून झोपत नसे, कारण त्या भिंतीपलीकडे पाळ होती. ‘पाळ फुटली तं?’ हा प्रश्न तिनं बापाला इतक्यांदा विचारला की एकदा कवडू मुंगमोडे वैतागून म्हणाला, ‘‘फुटली तं तुले आधी सांगून फुटन. जा, झोप.’’

ती मोठी झाली, साकोलीला शिकली, मग नागपूरला भूगोलात एम.ए. झाली. पीएच.डी.साठी विषय काय घेणार असं गाइडनी विचारलं, तेव्हा तिनं फार विचार न करता सांगितलं, जुन्या तलावांच्या पाळी. अतिवृष्टी झाली तर कुठल्या तलावाचं पाणी पाळीवरून जाईल, हे शोधायचं. गाइडना विषय आवडला. घरी मंदाबाईला, म्हणजे तिच्या आईला, तो कळलाच नाही. ‘‘तलाव तं आपल्याच घरामागं हाय. त्याच्यासाठी नागपूरले कायले जा लागते?’’ एवढंच ती म्हणाली.

दोन उन्हाळे दामिनी लाखांदूर आणि साकोली तालुक्यांत टेप घेऊन फिरली. तलाव आटलेले असताना पाळीची उंची मोजायची, सांडवा मोजायचा, वरचं किती रान त्या तलावात उतरतं ते नकाशावर पाहायचं. सांडव्याला इकडे सलंग म्हणतात. तलाव भरला की जादा पाणी ज्या दगडी उंबऱ्यावरून बाहेर पडतं, तो सलंग. तो जितका खाली, तितकी पाळ निर्धास्त. सगळे आकडे संगणकात घातल्यावर नकाशावर प्रत्येक तलावाला रंग मिळाला. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे सांभाळून, हिरवा म्हणजे चिंता नाही. चिचटोल्याचा तलाव हिरवा निघाला. दामिनीनं ते गणित पुन्हा केलं, मग आणखी एकदा केलं. दर वेळी हिरवा. त्या उन्हाळ्यात ती घरी मागच्या भिंतीकडे पाठ करून झोपली, आणि झोप लागली.

पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात भंडाऱ्याला एका महाविद्यालयात नव्या संशोधकांची सादरीकरणं ठेवली होती. आपत्तींच्या धोक्यावर काम करणाऱ्या मुलामुलींनी आपला अभ्यास मांडायचा आणि समोर बसलेल्या तीन जाणकारांनी त्यावर बोलायचं, असा प्रकार. जे बोलतील ते ऐकून घ्यायचं आणि सुधारून यायचं. बोलायची दामिनीला कायमचीच धास्ती. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत नाव पुकारल्यावर ती शाळेमागच्या चिंचेखाली जाऊन ओकली होती, आणि बारावीपर्यंत वर्गात तिनं स्वतःहून कधी हात वर केला नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून होता. मोबाइलवर ऑरेंज अलर्टचा संदेश आला होता, पण पावसाळ्यात असे संदेश इतके येतात की सभागृहात कुणी त्याचं नाव काढलं नाही. शेजारच्या खुर्चीवर हर्षा बसली होती, सानगडीची, दामिनीची एम.ए.पासूनची मैत्रीण. धानाच्या रोवण्याच्या, लावणीच्या दिवसांत बांधीत वीज पडून माणसं का मरतात, हा हर्षाचा विषय. तिचं सादरीकरण आधी झालं. परत येऊन ती खुर्चीत कोसळल्यासारखी बसली.

‘‘माह्यावर वीज पडली समज,’’ ती कुजबुजली. ‘‘त्या मधल्या म्याडमनं विचारलं, तू किती बांध्यात स्वतः उभी राह्यली? आता काय सांगू, रोवण्याले मले माय कधी नेतच नाई म्हणून?’’

दामिनीला हसू आलं नाही. ती आपलं पहिलं वाक्य मनात घोकत होती. नाव पुकारलं गेलं.

पहिली काही वाक्यं कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. मग नकाशा पडद्यावर आला आणि जीभ सुटली. नकाशानंतर फोटो. शेवटच्या फोटोत चिचटोल्याचा सलंग होता, मागच्या वर्षी सप्टेंबरात काढलेला. काठोकाठ भरलेला तलाव, सलंगावर कपडे आपटणाऱ्या दोन बाया, मागे पाळीवरचे पळस. फोटो सुरेख होता, म्हणूनच तो तिनं शेवटी ठेवला होता.

टाळ्या झाल्या. पहिल्या जाणकारांनी नकाशाचं कौतुक केलं, असं काम प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं म्हणाले. मधल्या मॅडमनी पावसाचे आकडे कुठून घेतले ते विचारलं. ते तिला पाठ होतं. आता फक्त तिसरे, चंद्रकुमार गहाणे. ते निवृत्त अभियंते. आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामात गेलेलं, मूळचे सडक अर्जुनीकडचे. ते बराच वेळ पडद्याकडेच पाहत होते.

‘‘फोटो राहू द्या,’’ ते म्हणाले. ‘‘सलंगावर त्या बाया ज्याच्यावर उभ्या आहेत, ते काय आहे?’’

‘‘पोती, सर. आणि माती. मधे पळसाच्या फांद्या.’’

‘‘कोणी टाकली?’’

‘‘गावानं.’’ प्रश्न सोपा वाटला म्हणून ती मोकळेपणानं बोलली. ‘‘पोळ्याच्या सुमाराला सलंग बांधतात सर, दरवर्षी. धान निसवायला लागतो, लोंब्या बाहेर येतात, पाऊस ओसरतो, तलावात जास्तीचं पाणी धरून ठेवावं लागतं. टोकाच्या बांध्यांना नाहीतर पुरत नाही.’’

‘‘आमच्याकडेही बांधतात. किती उंच?’’

‘‘दोन वीत. कधी थोडं जास्त.’’

‘‘बरं. मग तुमच्या गणितात सलंग उघडा आहे की बांधलेला?’’

दामिनीनं वळून पडद्यावरच्या पोत्यांकडे पाहिलं.

मोजमाप तिनं एप्रिल-मेमध्ये केलं होतं. तेव्हा तलाव आटलेला असतो, धान कापून झालेला असतो, पोती कुणीतरी घरी नेलेली असतात आणि सलंगाचा दगड उघडा पडलेला असतो. तिनं दगड मोजला. कागदोपत्रीही दगडाचीच उंची होती, दोन्ही जुळलं, ती खूश झाली. सलंग बांधतात हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्मल्यापासून ठाऊक होतं. चूल पेटते, गाय वासराला चाटते, पोळ्याला सलंग बांधतात. असल्या गोष्टी कुणी संशोधनात लिहीत नाही. बाहेरगावाहून आलेल्या मुलीनं ती पोती पाहून पहिल्याच दिवशी विचारलं असतं. दामिनीनं काल सकाळी सलंगावर बापाच्या हातात मातीची घमेली दिली होती, आणि तरी विचारलं नव्हतं.

‘‘उघडा, सर,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे ज्या महिन्यात धोका सगळ्यात मोठा, त्याच महिन्यातला तलाव तुम्ही मोजलेला नाही,’’ गहाणे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. ‘‘नकाशावरचा प्रत्येक हिरवा तलाव पुन्हा पाहा.’’

खुर्चीवर आल्यावर हर्षानं तिचा हात धरला. ‘‘अवं, सगळ्यायचंच काही ना काही काढते तो माणूस. टेन्शन नको घेऊ.’’

दामिनीनं हात सोडवून लॅपटॉप उघडला. चिचटोल्याच्या ओळीत सलंगाची उंची दोन वितींनी वाढवली. बाकी काही हलवलं नाही. पाळीवर गुरं चढतात तिथं ती खचलेली आहे, तो सखल भाग तिनं मोजलेला होता. त्याचा आकडा होता तसाच ठेवला. हिरवा ठिपका पिवळा न होता थेट लाल झाला.

तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर पाऊस सरळ पडत होता, वारा नाही, थांबायची घाई नाही. आता तिला प्रबंधाची, गाइडची, समोरच्या तिघांची भीती वाटत नव्हती. भीती होती ती घरामागच्या पाळीची. ती उठून व्हरांड्यात गेली आणि घरी फोन लावला.

‘‘माय, तिकडं पाऊस हाय का?’’

‘‘पडून राहिला ना सकाळपासून,’’ मंदाबाई म्हणाली. ‘‘तुहं भाषण झालं का?’’

‘‘झालं. बाबा कुठं हाय?’’

‘‘पाळीवर. डोमाजीनं बलावलं. सलंगावर अजून एक थर टाकून राहिले म्हनते. फुकट पानी वायलं जाते म्हनून.’’

‘‘माय, त्यायले सांग, थर नका टाकू. सलंग मोकळा करा म्हणा.’’

‘‘काहून वं? तूच तं काल माती देत होती.’’

‘‘तू सांग तं खरी. अन् शेजारच्या सीताबाईले घेऊन शाळेकडं जाऊन बस.’’

‘‘शाळेत कायले? चुलीवर भाजी हाय माही.’’

दामिनीनं बापाला फोन लावला. लागला नाही. पावसात तो फोन घरीच ठेवतो. ती गहाणेंकडे गेली. ते चहाचा कप हातात धरून उभे होते. तिनं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘‘सर, तुम्ही बोलता का गावाशी? तुमचं ऐकतील.’’

‘‘माझं कोण ऐकेल? मी परका,’’ ते म्हणाले. ‘‘मी तहसीलला फोन करून ठेवतो. पण पोती गावानं टाकली, गावच काढेल. तुम्ही निघा. आणि एकदम नका उघडू, एका कडेनं काढा. मधून काढली तर सगळाच थर ओढून नेईल आणि माणूसही नेईल.’’

दामिनी आणि हर्षा मिळेल त्या बसनं साकोलीला आल्या, तिथून दिघोरीकडची बस धरली. नाले तुडुंब होते. एका रपट्यावरून, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी जात होतं, तिथं ड्रायव्हर थांबला, खाली उतरून पाहून आला आणि काही न बोलता गाडी घातली. दामिनी खिडकीची दांडी धरून बसली होती. दर वळणावर तिला वाटायचं, पुढून माणसं पळत येताना दिसतील. सानगडीला हर्षा उतरली. उतरताना म्हणाली, ‘‘पोहोचली की फोन कर. नाई केला तं मी येतो.’’

दिघोरीहून पुढे एका ट्रॅक्टरवाल्यानं तिला चिचटोल्याच्या वाटेवर सोडलं. अजून उजेड होता. पाळ जागेवर होती, घरही. दारात मंदाबाई उभी होती, शाळेत गेलीच नव्हती. दामिनीनं लॅपटॉपची पिशवी तिच्या हातात दिली आणि चिखलातून पाळ चढली.

सलंगाजवळ पाच-सहा जण होते, डोक्यावर घोंगड्या आणि प्लास्टिकचे कागद. मधे डोमा उभा होता. तलावाच्या पाण्याची वाटणी गावानं बऱ्याच वर्षांपासून त्याच्याकडे सोपवली आहे. कुणाच्या बांधीत पाणी कधी जाईल ते तो ठरवतो, आणि त्यावर सहसा कुणी बोलत नाही.

‘‘आली का भंडाऱ्याची म्याडम!’’ तो म्हणाला. ‘‘तुह्या मायनं निरोप देल्ला. सलंग मोकळा करा म्हने.’’

‘‘हो काका. पानी वाढून राहिलं.’’

‘‘वाढावं म्हनूनच तं बांधला. का मासे पोसाले बांधला?’’

माणसं हसली. कवडू हसला नाही. भंडाऱ्याला निदान समोर अनोळखी माणसं होती. इथं प्रत्येकानं तिला नाकातून शेंबूड गळताना पाहिलेलं होतं.

‘‘तुमी एकदा गुरांच्या वाटेवर चला,’’ ती म्हणाली. ‘‘पाहा, अन् मंग बोला.’’

‘‘आमी रोज पायतो.’’

‘‘आज पाहा ना, काका.’’

पाळीवरून जरा पुढे गेल्यावर गुरांच्या खुरांनी खचलेली जागा होती. नेहमी पाणी तिच्यापासून बरंच खाली असे. आता गवताच्या शेंड्यांना लागत होतं. दामिनीनं एक काडी मोडली आणि पाण्याच्या कडेला, बरोबर ओल्या रेषेवर रोवली. मग बाजूला उभी राहिली.

‘‘सलंग खोलला तं पानी पयल्यांदा कोनाच्या बांधीत जाईन?’’ डोमानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. ‘‘नाल्याच्या आधी कवडूच्याच दोन बांध्या हायत. धान निसवून राहिला. लोळन सगळा. इचार आपल्या बापाले. अन् टोकावरचे लोक काय मनतीन? दसऱ्यापर्यंत पानी कोन देईन त्यायले, तुहा नकाशा?’’

हे खरं होतं. दामिनीनं बापाकडे पाहिलं. कवडू काडीकडे पाहत होता.

‘‘तुले भेव वाटून राहिलं का?’’ त्यानं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘तुले तं लायनपनापासून वाटते.’’

‘‘तेव्हा नुसतं वाटे, बाबा. आज हिशोब करून वाटून राहिलं.’’

‘‘पक्का हाय हिशोब?’’

हो म्हणणं सोपं होतं. सकाळी पडद्यावर हिरवा ठिपका दाखवताना ती पक्कीच होती. ‘‘नाई,’’ ती म्हणाली. ‘‘पक्का नाई. पाऊस थांबला तं काहीच होनार नाई. नाई थांबला तं पानी हितून जाईन, अन् माती हाय, एकदा वाहाले लागली तं कोनाच्या हातात राहत नाई. खाली आपलं घर हाय. काकाचं बी हाय.’’

बोलण्यात वेळ गेला होता. काडीच्या बुडाशी होती ती ओली रेषा आता पलीकडे सरकली होती, आणि काडी पाण्यात उभी होती. ते सगळ्यांनीच पाहिलं. कुणी हसलं नाही.

कवडूनं शेजारच्या माणसाच्या हातातलं फावडं घेतलं. ‘‘एका कडेनं काढू,’’ तो म्हणाला. ‘‘डोमा, दोर आन.’’

‘‘अन् तुह्या बांध्या?’’

‘‘माह्याच हायत ना. तुह्या तं नाई.’’

‘‘टोकावरच्यायले तूच सांगजो मंग. माह्या अंगावर येतीन ते.’’

‘‘सांगन.’’

कमरेला दोर बांधून कवडू सलंगाच्या कडेला उतरला. दोराचं दुसरं टोक दामिनीसह चौघांनी धरलं. पहिलं पोतं निघालं तेव्हा फक्त एक पातळ पदर आला. दुसरं निघालं आणि पाणी गुरगुरलं. दामिनीनं दोर इतका आवळला की तळहात सोलले. बाप पाण्यात पुढे झुकत होता आणि ती त्याच्या पाठीकडे पाहत होती. आपणच याला तिथं उतरवलं, आणि पक्कं नाही असंही आपणच सांगितलं. ती मनातल्या मनात आईला हाक मारत होती. अर्धा सलंग मोकळा झाला तेव्हा त्याला वर ओढलं. त्यानं कमरेचा दोर सोडला. खाली त्यांच्या बांध्यांत पाणी धुऱ्यावरून, बांधीच्या मातीच्या कडेवरून, उड्या मारत होतं.

पाऊस पहाटे थांबला. सकाळी गाव पाळीवर आलं. गुरांच्या वाटेपासून पाणी वीतभर खाली होतं, आणि गवतावर चिकटलेल्या कचऱ्यावरून दिसत होतं की काल संध्याकाळच्या रेषेपेक्षा ते रात्री वर चढलंही नव्हतं. सलंग जोरात वाहत होता, उरलेली पोतीही पाण्यानं नेली होती. कवडूच्या दोन्ही बांध्यांत धान आडवा पडून त्यावर रेती बसली होती.

‘‘नसता काढला तरी राह्यली असती पाळ,’’ कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानं खचलेल्या जागेवर पाय आपटून पाहिला.

दामिनीनं घरी बसून हिशोब केला. रात्रीचा पाऊस घातला, बांधलेला सलंग घातला. पाळीवरून पाणी गेलं असतं असंही निघत होतं आणि नसतं गेलं असंही. तिच्या मोजमापात जेवढी चूक असू शकते, तेवढाच तो फरक होता. कवडू बांधीतली रेती उपसून आला आणि पाय धुताना त्यानं विचारलं, ‘‘फुटली असती का?’’

‘‘माहीत नाई, बाबा.’’

त्यानं मान हलवली आणि जेवायला बसला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. मंदाबाईनं काढला, पुष्कळदा. त्या दोन बांध्यांतून घरचं वर्षाचं खाणं निघायचं.

गाइडना तिनं फोनवर सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, पुन्हा फिरा. ती पुन्हा निघाली, या वेळी टेपच्या आधी प्रश्न घेऊन. सलंग बांधता का, कधी, किती, कोण ठरवतं. काही गावांनी सांगितलं. काहींनी तिच्याकडे संशयानं पाहिलं, कारण चिचटोल्याची गोष्ट तोवर पसरली होती. ‘‘आमचा सलंग खोलाले आली का?’’ एका बाईनं तोंडावर विचारलं. हिरवे ठिपके एकेक करून कमी होऊ लागले.

इकडे ऊन पडलं. ते असं पडलं की धानाला चटके बसू लागले. टोकाच्या बांध्यांना भेगा जायला लागल्या आणि तिथल्या लोकांनी डोमाचं जिणं नकोसं केलं. तलाव सलंगाच्या दगडाच्या जरा खाली उतरला होता. वरच्या रानातून अजून ओढा येत होता. बांधायचं असेल तर आत्ताच बांधायला हवं होतं. हवामानाच्या बातमीत महिनाअखेरीला पुन्हा एक जोराचा पाऊस सांगितला होता.

दामिनी गावी आलेली असताना सकाळीच डोमा दारात आला. मागे घमेली आणि पोती घेतलेली माणसं. तो कवडूशी बोलेल असं तिला वाटलं. तो तिच्याकडे वळला.

‘‘चाल सलंगावर.’’

‘‘मी?’’

‘‘मंग कोन? टोकावरचे मनतात दोन वीत बांधा. तुहा बाप मनते नको. तू सांग, किती बांधू?’’

टोमणा होता की नाही हे तिला कळेना. त्याच्या चेहऱ्यावर तर नव्हता. ती आणि कवडू त्यांच्यामागे पाळीवर गेले. माणसं माती घेऊन सलंगाच्या दोन्ही बाजूंना थांबली. टोकावरच्या बांध्यांचे दोघं हात बांधून उभे होते, त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. भंडाऱ्याला चूक झाली तेव्हा ती दाखवायला समोर तिघं बसले होते. इथं तसं कुणी नव्हतं. कमी सांगितलं तर यांचा धान वाळेल. जास्त सांगितलं तर पाळीखाली तिचं घर, डोमाचं घर, आंगणात खाटेवर बसलेली सीताबाई. महिनाअखेरीचा पाऊस किती येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला तर नव्हतंच.

ती वाकली आणि सलंगाच्या दगडावर हात आडवा ठेवून वर चार बोटं मोजली.

‘‘एवढं,’’ ती म्हणाली. ‘‘अन् पाऊस लागला तं त्याच दिवशी काढा लागन. दुसऱ्या दिवशी नाई.’’

‘‘चार बोटं?’’ टोकावरच्यांपैकी एक उसळला. ‘‘ह्याच्यात काय होते?’’

‘‘अन् धान वाळला तं?’’ डोमानं विचारलं.

दामिनीला वाटलं, बाप काहीतरी बोलेल.

‘‘मले बोल लावा,’’ ती म्हणाली.

डोमानं तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं. त्यानं मागच्या माणसाला हात केला आणि पहिलं घमेलं सलंगावर रितं झालं. दामिनी तिथंच उकिडवी बसून राहिली, हात दगडावरच ठेवून, माती बोटांच्या वर जाते की काय ते पाहत.